लाल रेघ कुणाच्या भिंतीवर

मेट्रोच्या भूसंपादन विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहाच्या वेळी ते आपसूक टेबलावर येऊन बसतात. येलहंकाच्या पुढे वाढणाऱ्या मार्गासाठी आम्ही जागा मोजतो आणि जे घर जाणार, त्याच्या भिंतीवर लाल रेघ मारतो. माझ्या जोडीला मंजुनाथराव. ते बनशंकरीचे, मी चामराजपेटची. दोघांचीही घरं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या याच कानडी शहरात वसलेली, म्हणून डबा खाताना आमचं बोलणं घरच्यासारखं चालतं.

*

एकदा खूण म्हणून आम्ही पिंपळाखाली पांढरा दगड रोवला. काही दिवसांनी गेलो, तर दगडाला हळदकुंकू, वर पत्रा, समोर समई! शेजारी एक पुजारीही बसलेला. मी म्हटलं, “अहो, हा दगड आमचा आहे.”

तो शांतपणे म्हणाला, “सगळं त्याचंच आहे, अक्का.”

शेवटी साहेबांनी आमच्याच दगडाची पूजा केली, त्याची परवानगी मागितली, तेव्हा कुठे दगड हलवता आला. नारळाचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, यावर मात्र ऑफिसात बरेच दिवस काथ्याकूट चालला.

*

नव्या इमारतींकडून मेट्रोसाठी जादा शुल्क घ्यायचं ठरलं. लोकांशी बोलायला बैठक ठेवली, तर एक बिल्डर तावातावाने उठला. “आमच्या बिल्डिंगला मेट्रोचा काय उपयोग? स्टेशन केवढं लांब!”

मंजुनाथरावांनी नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे त्याचाच भलाथोरला बोर्ड होता, ‘मेट्रो तुमच्या दारात’.

“ते गिऱ्हाइकांसाठी आहे,” बिल्डर म्हणाला.

*

त्याच बैठकीत एका निवृत्त बँक मॅनेजरांनी विचारलं, “एवढा पैसा देणार कोण?”

साहेब म्हणाले, “थोडा केंद्राचा, थोडा राज्याचा, बाकी कर्ज.”

“कर्ज कोण फेडणार?”

“तिकिटातून फिटेल.”

“तिकीट महागलं की लोक परत स्कूटर काढतील. मग?”

“मग सरकार भरेल.”

“सरकार कुठून आणणार?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “आपल्याकडूनच.”

“सरी, ठीक आहे. म्हणजे जामीन आम्हीच की,” म्हणून ते खाली बसले.

सगळे हसले, मीही हसले. पण मनातून वाईट वाटत होतं. ज्याचं सगळ्यात जास्त जाणार असतं, तो अशा बैठकीला सहसा आलेलाच नसतो.

*

मंजुनाथरावांची थोरली बहीण, सरोजक्का, त्याच मार्गावर राहते. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. नवरा वारला, मुलं झाली नाहीत; राहतं घर आणि पुढच्या खोलीतला शिवणाचा क्लास, एवढंच तिचं आयुष्य. नकाशात आमची रेघ त्या घराच्या मधोमध गेली होती.

मंजुनाथरावांना हे ठाऊक होतं. पण जाहीर होईपर्यंत कुणाला सांगायची मनाई. रविवारी ते तिच्याकडे जेवायला जायचे. ती विचारायची, “आपलं घर राहील ना रे, मंजू?” आणि मंजुनाथराव म्हणायचे, “भात वाढ, अक्का.” दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना त्यांचा डबा तसाच राहायचा.

मग नोटीस गेली. त्यानंतरच्या रविवारी ते गेलेच नाहीत.

नातलगाच्या घरी आमच्यापैकी कुणी रेघ मारायला जायचं नाही, अशी ऑफिसची रीत. साहेब दुसऱ्याला पाठवत होते. मंजुनाथराव म्हणाले, “नको. मी सोडून दुसरं कुणी आलेलं तिला चालणार नाही.” म्हणून मी सोबत गेले.

सरोजक्का दारातच उभी होती. सगळी गल्ली बघत होती. तिने भावाच्या हातातला रंगाचा डबा पाहिला, ब्रश पाहिला.

“रविवारी आला नाहीस?”

मंजुनाथरावांनी खाली बघत रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं. ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेणार. ती ओलं फडकं घेऊन बाहेर आली आणि भिंत स्वच्छ पुसून काढली. मग भावाच्या हातातून ब्रश काढून घेतला.

“दे इकडे. भावानं बहिणीच्या घरावर रेघ मारली, असं उद्या गल्लीत कुणी म्हणायला नको.”

ब्रश रंगात बुडवून ती भिंतीकडे वळली.

“आता तरी सांग, मंजू. कुठून कुठपर्यंत?”