मामाजींच्या जीपमधला बोर्ड

आमचे मामाजी नव्या माणसाला भेटले की आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या मोबाइलच्या वायरीकडे बघत. कुठेही काही चार्जिंगला लावलेलं दिसलं की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे जायचा आणि लेकराचा ताप बघावा तशी हाताची उलटी बाजू ते वायरीवर ठेवायचे. थंड लागली की चेहरा खुलायचा. कोमट लागली की संपलं! "वायर गरम झाली म्हंजे ते बोंबलून राह्यली, बाप्पा. आपल्याले ऐकू येत नाई, एवढंच." माझ्या लग्नात त्यांनी नवरदेवाला आहेर करायच्या आधी मंडपातल्या साउंडवाल्याची वायर चाचपली होती. माझ्या सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "हे कोण गं?" मी म्हटलं, "सख्खे मामाजी आहेत, काय करणार!"

आईचे ते धाकटे भाऊ. कटंगीच्या बस स्टँडसमोर गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं दुकान होतं आणि दुकानापुढे त्यांची जीप उभी असायची; तिच्यातून ते तिरोडीपर्यंत प्रवासीही न्यायचे. जीपचा मूळ रंग कोणता, हे त्यांनाही आठवत नसावं. पण पुढच्या सीटच्या मागे त्यांनी एक सागाची फळी ठोकली होती. तिच्यावर बटनं, प्लग, फ्यूज, सगळं ओळीनं बसवलेलं आणि प्रत्येकाखाली ऑइलपेंटनं त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: मोबाइल, मोबाइल, पंखा, लाइट, भोंगा. या फळीला सगळे बोर्ड म्हणत. आम्हा भाचरांचे ते मामाजी होतेच, पण या बोर्डामुळे ते कटंगीपासून तिरोडीपर्यंत सगळ्यांचेच मामाजी झाले.

बाजाराच्या दिवशी तर मजाच असायची. पावसाळ्यात खेड्यांवरची लाइट गेली की दोन-दोन दिवस यायची नाही, म्हणून बाया टोपलीत भाजी आणि भाजीवर मोबाइल ठेवून यायच्या. "मामाजी, मेरा भी लगा दो ना!" पण उभ्या गाडीत काही लावायचं नाही, इंजिन चालू असेल तरच लावायचं, हा त्यांचा कायदा. "बॅटरी काय नळ हाय का, सोडला आन् बसले?" मग व्हायचं काय, की मोबाइलची मालकीण कटंगीच्या बाजारात आणि मोबाइल सवाऱ्यांबरोबर तिरोडीला जाऊन परत! मधे कुणाचा फोन वाजला तर मामाजी गाडी बाजूला घेऊन उचलायचे. "हौ, ते बाजारात हाय. कांदे घेऊन राह्यली. तुम्ही कोण, जवाई का? घरी सारं बरं?" एकदा तर एका बाईच्या मुलीला मुलगा झाल्याची बातमी आधी मामाजींना कळली आणि तिरोडीहून येताना त्यांनी पेढे आणले.

त्यांचा दुसरा कायदा होता, "एक लावलं त एक काढ." गाडी जेवढा करंट बनवते तेवढाच वाटून घ्यायचा, वर मागायचा नाही. एका चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत जीप सगळ्यात पुढे होती. वर भोंगा आणि बॉनेटवर फोटो, फोटोभोवती लाइटची माळ. आवाज मागेपर्यंत जाईना म्हणून वॉर्डातल्या पोरांनी आणखी एक भोंगा आणला. मामाजी म्हणाले, "लावतो. फोटोची लाइट काढतो." पोरं चिडली. एक जण म्हणाला, "मामाजी, आज के दिन तो रहने दो!" मामाजी हलले नाहीत. शेवटी ते स्वतः बॉनेटशेजारी उभे राहिले आणि आपल्या फाटक्या आवाजात गाणं म्हणायला लागले. इतकं बेसूर, की बायांना राहवलं नाही, त्यांनी ते हातात घेतलं आणि मागेपर्यंत पोहोचवलं. दुसऱ्या भोंग्याची आठवणही कुणाला राहिली नाही.

त्यांच्या खिशात तंबाखूची डबी असायची, पण तंबाखू नाही, फ्यूज. लहान, मोठे, लाल, निळे, हिरवे. आमच्याकडे फ्यूज उडाला की गाडीवाले सरळ तंबाखूच्या पुडीतला चंदेरी कागद, त्याला चांदी म्हणतात, गुंडाळून बसवतात आणि पुढे निघतात. चांदी लावलेली गाडी दुकानात आली की हे शांत माणूस असं बोलायचं, की ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत. "फ्यूज काहून जळते? गाडी जळू नये म्हणून थो मरते! त्याच्या जागी चांदी लावता, लाज नाई वाटत?"

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजून जड जातं.

बाबांची छाती कमजोर झाली होती. घरी दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन चालायचं, विजेवरचं. एके सकाळी डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या, आजच न्या. अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली, सिलेंडर कुठे मिळेना. आई रडायला लागली. मामाजींनी जीप दारात लावली आणि दीड तासात बॅटरीपासून सरळ एक वेगळी जाड वायर मागे नेली, तिला स्वतंत्र फ्यूज, पुढे इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरवर बाबांचं मशीन. मशीन घुरघुरलं. मामाजींनी वायरीवर उलटा हात ठेवला, मग बाबांच्या कपाळावर ठेवला. "भाऊजी, हे लाइन फक्त तुमची. हिच्यावर कोणी हक्क नाई सांगनार." आणि आम्हाला दरडावून सांगितलं, इन्व्हर्टरला हात लावायचा नाही.

मी हात लावला.

माझा शिक्षकभरतीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता तो. दोन वर्षं त्याची वाट बघितलेली. तुमसर मागे पडलं तेव्हा लॅपटॉप बंद व्हायला आला होता. बोर्डावरच्या मोबाइलच्या प्लगमध्ये त्याचा चार्जर बसेना, आणि इन्व्हर्टरला दुसरं भोक रिकामं दिसत होतं. मला वाटलं, एवढ्याशा लॅपटॉपनं काय होतंय? शिकलेली होते ना मी! घातला प्लग. पाच मिनिटं काही झालं नाही. मग एक लांब शिट्टी वाजली आणि बाबांचं मशीन बंद पडलं.

मामाजींनी गाडी बाजूला घेतली, मागे आले, माझा प्लग बघितला आणि उपटला. फ्यूज गेला होता. बाबांनी आईचा पदर मुठीत धरला होता, त्यांचे ओठ काळपट होत होते. मी ओरडत होते, "मामाजी, चांदी लावा! काहीही लावा!" समोरच पुडीचा कागद पडलेला होता, मी उचलून त्यांच्या हातात कोंबायला लागले. त्यांनी माझा हात बाजूला केला. "चांदी नाई." खिशातली डबी उघडली. बोटं फिरत होती, लाल, निळा, पुन्हा लाल, आणि तळाशी हिरवा, जाड. एकच होता. तो बसवला. मशीन घुरघुरलं. बाबांनी डोळे मिटले आणि श्वास घेतला.

मग मामाजी खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसले. डबी उघडून त्यांनी उरलेले फ्यूज मोजले, पुन्हा मोजले. मी जवळ गेले, पाय धरायला वाकले. वाटलं आता मारतील, आणि मारावंच त्यांनी. ते म्हणाले, "चूक माही झाली पोरी. दुसरं भोक उघडं काहून ठेवलं मी?" आणि उठून त्यांनी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. आयुष्यात मला कुणी एवढं लागेल असं बोललेलं नाही.

नागपूरला बाबांना भरती केलं, दवाखान्याचा ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी बाहेर बाकावर बसून होते. फॉर्म गेला तर गेला, नव्हे, जाऊच दे, असं मनाशी म्हणत होते. दुपारचे चार वाजले असतील. मामाजी आले. "चाल, लॅपटॉप घे." मला समजेना. ते म्हणाले, "भाऊजीची मशीन निघाली ना? एक काढलं त एक लाव." दवाखान्याच्या आवारात, कडुलिंबाखाली, इंजिन चालू ठेवून मामाजी स्टिअरिंगवर बसले आणि मागे, बाबा बसले होते त्याच जागी बसून मी फॉर्म भरला. चौकीदार दोनदा ओरडून गेला. मामाजींनी त्याचाही मोबाइल चार्जिंगला लावून दिला.

त्या फॉर्मवर मला नोकरी लागली. आज बालाघाटला शिकवते ती त्यामुळेच. बाबा आणखी चार वर्षं आमच्यात राहिले. मामाजी मला त्या दिवसापासून "मॅडम" म्हणायला लागले, पण इन्व्हर्टरची गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. मामींनासुद्धा नाही.

गेल्या वर्षी मामाजींचीच छाती गेली. तेच मशीन, तोच नागपूरचा रस्ता. जीप केव्हाच भंगारात गेली होती, म्हणून माझी कार न्यायची ठरली. लाइन कोण टाकणार? मीच टाकली. मामाजी खाटेवरून सांगत होते आणि मी करत होते. "जाड घे. अजून जाड. फ्यूज बॅटरीपाशी लाव, मॅडम, तिकडं नोको." दुसऱ्या भोकावर मी आधीच चिकटपट्टी लावली. त्यांनी ती बघितली आणि नुसते हसले. गाडी मी चालवत होते; निघाल्यावर मागच्या सीटवर त्यांनी हाताची उलटी बाजू वायरीवर ठेवली. "थंडी हाय," म्हणाले. मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

भंडाऱ्याच्या अलीकडे माझा मोबाइल बॅटरी संपत आल्याची टुणटुण करायला लागला. गाडीतला तयार प्लग मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. खरं तर त्यानं काही बिघडलं नसतं, पण माझी हिंमत होत नव्हती. मामाजींनी तो आवाज ऐकला. नाकातली नळी सरकवत, दम खात म्हणाले, "घरून फोन येईन तुहा. पोरं वाट पाह्यत असतीन. माही मशीन काढ पाच मिनिटं, तुहा मोबाइल लाव." मी म्हटलं, "मामाजी, चूप बसा." "अवो, कायदा हाय. एक लावलं त..." "चूप बसा म्हणते ना!" मी मामाजींवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. ते खोकत खोकत हसले. मोबाइल बंद पडला, पडू दिला.

आठव्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यातच मामाजी आम्हाला सोडून गेले. त्यांना दवाखान्याच्या गाडीतून पुढे नेलं आणि मी मागून माझ्या कारनं एकटी कटंगीकडे निघाले. मागच्या सीटवर मशीन होतं, बंद. मोबाइल परत संपत आलेला, आणि कटंगीहून, बालाघाटहून सारखे फोन येत होते: कुठवर आलात, किती वाजता पोहोचता. आता सगळे प्लग मोकळे होते. तुमसरजवळ मी गाडी थांबवली, चार्जर हातात घेतला, मागे वळून त्या जाड वायरीवर हाताची उलटी बाजू ठेवली. थंड होती. मग मी फार रडले. एक काढलं होतं, पण त्याच्या जागी एक लाववेना; चार्जर तसाच पर्समध्ये ठेवला आणि मोबाइल बंद पडला तरी गाडी चालवत राहिले.