गाऱ्हाणं मनोभावे

'मनोभावे' या शब्दाची राखण करायला परमेश्वराने या भूतलावर एकच माणूस नेमला आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला, हे मी माझं भाग्यच समजतो. लग्नानंतर पहिल्यांदा बोर्ली पंचतनजवळच्या त्यांच्या गावी गेलो, तेव्हा मला याची काडीची कल्पना नव्हती. ग्रामदेवीच्या देवळातून बाहेर येताना, नव्या जावयाला शोभेल अशा आवाजात मी म्हणालो, "मामा, अगदी मनोभावे दर्शन झालं हो." मामा पायरीवरच थांबले. शाळेत जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "देवीच्या साडीचा रंग कोणता?" मला सांगता येईना. खरं सांगायचं तर आत हात जोडून उभा असताना माझा अर्धा डोळा बाहेर काढून ठेवलेल्या सासरच्या नव्या कोऱ्या चपलांवर होता. "चपलांचा?" मामांनी विचारलं. मी झटकन म्हणालो, "तपकिरी." "मग त्यांचं झालं मनोभावे. देवीचं नुसतं दर्शन झालं," असं म्हणून ते शांतपणे पुढे चालू लागले.

त्यानंतर तो शब्द मी त्यांच्यासमोर जपून वापरू लागलो, पण सगळं जग काही त्यांचा जावई नाही. सकाळी वर्तमानपत्रात 'मंत्रिमहोदयांनी मनोभावे पूजा केली' असं छापून आलं की मामांचा चहा गार व्हायचा. "बातमीदार मंत्र्याच्या मनात शिरून आला होता काय?" हा प्रश्न ते भिंतीला, मांजराला आणि समोर असेल त्याला विचारत. बाजारात एकदा 'पर्यटकांचे मनोभावे स्वागत' असा फलक लागला, तर हे लावणाऱ्याच्या घरी जाऊन बसले आणि 'हार्दिक' करून घेऊनच उठले. त्यांचं म्हणणं असं, की हा शब्द बोलायचा अधिकार माणसाला नाहीच. ज्याच्यापाशी मन न्यायचं त्यानेच सांगावं, पोचलं की नाही ते. स्वतःबद्दल तर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. इतकी वर्षं रोज पहाटे पूजा करतात, पण मनोभावे झाली का विचारलं तर ठरलेलं उत्तर, "ते देवीला विचारा."

आता अशा माणसाच्या घराकडे गावचं गाऱ्हाणं घालायचा मान असावा, ही खास देवीचीच थट्टा. ज्याला काही मागायचं असेल त्याने नारळ घेऊन यायचं आणि मामांनी त्याच्या वतीने देवीपुढे मागणं मांडायचं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. देवी असली तरी महाराजाच. इतर गावांत हे काम भराभर उरकतं. मामांकडे आधी उलटतपासणी. एकदा बंदरावरचा एक कोळी दादा आला. "मास्तर, नवी होडी हवी हाय. बाकी समदं देवीला ठाव हाय," म्हणाला. "देवीला आहे, मला नाही. रंग कोणता देणार?" मग होडीचं नाव काय, आत कोण कोण बसणार, जुनीचं काय करणार, सगळं विचारून घेतलं. "मला ती दिसल्याशिवाय मी कशी मागू? दुसऱ्याचं मागणं आपलं झाल्याखेरीज तोंडातून निघू नये." अखेर मामांनी त्या होडीसाठी असा काही घसा फोडला, की होडी ह्यांनाच हवी आहे असं वाटावं. उलट एकाने चुलतभावाचं वाटोळं मागितलं, तेव्हा "हे काही मला हवंसं होत नाही बुवा," असं म्हणून त्याला चहा पाजून नारळासकट परत पाठवला.

आणि मग एके दिवशी नारळ घेऊन त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली. केतकी. मामी गेल्यापासून त्या घरात ही दोघंच. तिने नर्सिंग केलेलं, जर्मन शिकलेली, जर्मनीतल्या एका इस्पितळाने नोकरी देऊ केलेली, आता अडलं होतं फक्त व्हिसावर. आम्ही त्याच वेळी सुट्टीला गेलेलो, त्यामुळे हा सोहळा मला याचि देही बघायला मिळाला. मामांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले, "हे आई, ही तुझी लेक आज..." इथवर आले आणि थांबले. नारळ खाली ठेवला. "आज नाही. खोटं होईल." दुसऱ्या दिवशीही तेच. केतकीला रडू फुटायचं बाकी राहिलं. "बाबा, नुसतं बोला ना. सगळे बोलतात." "नुसतंच बोलायचं तर गुरवाच्या मोबाइलवर गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग आहे, ते वाजव." "म्हणजे मी जायला नको आहे तुम्हाला. सरळ सांगा ना." मामा म्हणाले, "नकोच आहे. तेच तर देवीपुढे लपत नाही."

घरात कुणी नीट जेवलं नाही. संध्याकाळी मामा झोपाळ्यावर बसले आणि शेजारी हात थोपटून म्हणाले, "बस इथे. खोली कुठल्या मजल्यावर?" मी कान टवकारले. उलटतपासणी सुरू झाली होती. केतकी मोबाइलवर फोटो दाखवू लागली. खिडकी कुठल्या अंगाला, बसचा थांबा किती लांब, शेजारी कोण, खोबरं मिळतं का. मग, "तिथल्या आजारी म्हाताऱ्यांना त्यांचं कुणी नसतं?" "असतात, बाबा. पण लांब असतात." मामांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मग एकदम ताठ बसले. "खिडकीत तुळस राहील ना गं? बर्फात घालायचे बूट घेतलेस? नाही? मग कधी घेणार?" ह्या माणसाला आता ते हवं झालं होतं.

सकाळी देवळात मामांचा आवाज पार खाडीपर्यंत गेला असेल. "हे आई, हिचा कागद अडवू नको. बर्फात हिचा पाय घसरू देऊ नको. खालच्या मजल्यावरची बाई कटकटी निघू देऊ नको. हिच्या हातचं पाणी पिणारा म्हातारा बरा होऊन घरी जाऊ दे." देवीला जर्मनीचा पत्ता तोंडपाठ झाला असणार. आम्ही 'व्हय महाराजा' असं ओरडत होतो, केतकी रडत होती आणि मी माझ्या आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतका ओरडत होतो. देवीची साडी कोणत्या रंगाची होती, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. मी मामांकडे बघत होतो.

केतकीला व्हिसा मिळाला आणि ती गेली. परवा आम्ही पुन्हा गावी गेलो. घर नीटनेटकं, चहा मामांनीच केलेला, ओट्यावर एकच ताट पालथं घातलेलं. मोबाइलवर तिकडचं हवामान बघून ते मला सांगत होते, की आज बर्फ नाही, पोरीला चालता येईल. मला उगाच चेष्टा करावीशी वाटली. म्हटलं, "मामा, त्या दिवशीचं गाऱ्हाणं तेवढं मनोभावे झालं ना?" ठरलेलं उत्तर येणार म्हणून मी हसायच्या तयारीत होतो. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पण परत डोळ्यांवर काही चढवला नाही.

"झालं हो जावईबापू," ते म्हणाले. "नाहीतर गेली असती होय?"