आत्याच्या उंचीची काठी

पडदा वर जावा तशी मिस्त्रींनी छपराची दोन-चार कौलं सरकवली, आणि पोटमाळ्यावर उजेडाचा झोत पडला. मोडका पाळणा, गाद्यांच्या वळकट्या, नको झालेले डबे, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसलेली एक लांबसडक बाई. ही आत्या. सगळी गल्ली तिला शिडीआत्या म्हणायची.

शिडी म्हणायचे खरे, पण तिला सरळ उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नोकरी नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर, आणि खिडकी बुटकी, उभा जन्म वाकून "मागची रांग चालेल का?" विचारण्यात गेला. घरी दारांच्या चौकटी ठेंगण्या. फोटोत ती कायम मागे, नाहीतर खुर्चीत. फळीवरचा डबा काढायचा असो की दिवा बदलायचा, हाक तिलाच. ती हसत यायची आणि काम झालं की मान खाली घालून निघून जायची.

भाच्याचं लग्न झालं आणि घर अपुरं पडू लागलं. धाकट्या भावाने मागे खोल्या वाढवायचं ठरवलं. वर पोटमाळ्याच्या जागी, छपराखाली, आत्याची खोली होणार होती. आत्याने एवढंच मागितलं, तेही मिस्त्रींना, हळूच.

"मला तिथे ताठ उभं राहता येईल ना?"

"हात्तिच्या," मिस्त्री म्हणाले. ते स्वतः आत्याच्या खांद्याला लागत. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. ज्याची खोली त्याला उभं करायचं, त्याच्या उंचीची काठी कापायची आणि तिच्यावरून लाकूड बेतायचं, ही त्यांची रीत. "या, उभ्या राहा."

आत्या तिथेच, पोटमाळ्यावर, जुन्या छपराखाली उभी राहिली. मिस्त्रींनी काठी लावली, डोक्यावर चार बोटं सोडली आणि करवत चालवली.

मग अंगणात नुसती ठोकाठोक. तिरपे वासे आणि त्यांना मध्ये, काठीच्या उंचीवर, बांधून ठेवणारं आडवं लाकूड मिस्त्री जमिनीवरच जुळवत. सगळं मांडून झालं, भोकं तेवढी पाडायची राहिली. शेजारी आत्या चादरी वाळत घालत होती. लांबच्या टोकापर्यंत हात पोचेना म्हणून ती सरळ झाली. वर आभाळ होतं, डोक्याला लागायला काहीच नव्हतं. दोरीच्या खांबाला तिची काठी उभी टेकवलेली होती. ती आत्याच्या नाकाशीच संपत होती.

काय घोटाळा झालाय ते आत्याला कळलं. छपराखाली गेलं की मान वाकायचीच. माप देतानाही ती वाकूनच उभी होती. गप्प बसलं तर उरलेले दिवसही छपराला नमस्कार करत काढायचे. मिस्त्रींनी गिरमिट लाकडाला लावलं.

"मिस्त्री, थांबा. ही काठी माझी नाही."

"तुमचीच. मी स्वतः कापलीय."

"तेव्हा मी वाकले होते."

"मग बोलायचं नाही का?"

"मलाच आत्ता कळलं."

मिस्त्रींनी काठीकडे पाहिलं, मग मान उंचावून आत्याकडे. गिरमिट खाली ठेवून ते मनसोक्त हसले. "म्हणजे जिराफ पाणी पीत असताना मी त्याचं माप घेतलं."

"ते आडवं लाकूडच काढून टाका की," हसणं ऐकून बाहेर आलेला भाऊ म्हणाला.

"काढतो. मग वासे पाय पसरतील, भिंती बाहेर ढकलतील, आणि तुम्ही अंगणात झोपाल." बोलता बोलता मिस्त्रींची नजर मागच्या खोल्यांच्या नव्या भिंतीवर गेली. "पण ही आता आयती उभी आहे. जुन्या भिंतीपासून हिच्यापर्यंत माथ्यावर जाड आढं टाकू. वाशांचा भार ते घेईल. मग हे लाकूड वर सरकवता येईल."

"किती वर?"

"ते आत्याच सांगतील. या आत्या, आणि या खेपेला मान वर. आणखी. अहो, लपवून काय ठेवलंय?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून भावजय बघतच राहिली. "अगंबाई, वन्सं, एवढ्या आहात तुम्ही?"

आत्या लाजली, पण वाकली नाही.

छप्पर चढलं, कौलं बसली. आत्या नव्या जिन्याने वर गेली आणि सवयीने मान वाकवूनच खोलीत शिरली. मग सावकाश सरळ झाली. आधी गुडघे, मग पाठ, खांदे, अगदी शेवटी मान. कुठे काही लागलं नाही. ताज्या लाकडाचा वास येत होता. तिने हात वर केला तेव्हा कुठे लाकूड बोटांना लागलं.

खालून भावजयीची हाक आली. "वन्सं, फळीवरचा डबा तेवढा काढून देता का?"

आत्या जागची हलली नाही.

"आज स्टूल घे गं," ती म्हणाली. "मी उभी आहे."