माझ्या वावरातली आफ्रिका

हसणार नसाल तर सांगतो. तुम्ही हसणारच, मला माहीत आहे, पण निदान चहा संपेपर्यंत दम धरा. कारण मला त्या गोष्टीचा अजून राग येतो. कोणाचा येतो, ते शेवटी कळेल.

मी मोजणी खात्यात शिपाई होतो. सगळी नोकरी साहेबांच्या मागे साखळी ओढण्यात गेली. भोर आणि वेल्ह्यात असा बांध नसेल, ज्यावर मी घाम गाळला नाही. साहेब बदलले, साखळी जाऊन टेप आला, टेप जाऊन यंत्र आलं, पण हद्दीचा दगड नेमका कुठे गाडलाय हे दाखवायला शेवटी मलाच पुढे करायचे. रिटायर होऊन कामथडीला घरी आलो, तेव्हापासून मोजणीच्या बाबतीत गावात माझा शब्द अखेरचा. हे मी नाही म्हणत, गाव म्हणतं. म्हणजे म्हणायचं.

आणखी एक सांगून ठेवतो. आमचं मूळ गाव वेल्ह्याकडचं. आज्याची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली आणि तो इकडे येऊन राहिला. पहिली खुंटी ठोकली तेव्हाच कोणीतरी बोलायला पाहिजे होतं, असं तो मरेपर्यंत म्हणायचा. त्यामुळे शेतात परक्याची खुंटी दिसली की माझं डोकं फिरतं. फिरू नये?

तर भात काढून झालं होतं, खालचं वावर मोकळं पडलं होतं, आणि आम्ही दोघं नवराबायको पुण्याला लेकीकडे आठ दिवस राहायला गेलो. तिथे मला फोन आला. माझ्या जुन्या साहेबांची मुलगी, मेधा मॅडम, भोरला शाळेत इतिहास शिकवते. काका, काका करत पुष्कळ वेळ बोलली. मुलांचा कसलासा प्रकल्प होता, प्रदर्शन होतं, रविवारी होतं, आणि त्याला प्रमुख पाहुणे म्हणून मी यावं असं तिचं म्हणणं होतं.

प्रमुख पाहुणे! जन्मभर साहेबांच्या खुर्च्या पुसल्या हो मी. ते दोन शब्द कानावर पडले आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. ती आणखी काहीतरी विचारत होती. मी दोनदा "चालेल, चालेल" म्हणालो आणि लेकीला सफारी इस्त्रीला द्यायला सांगितली.

शुक्रवारी रात्री परत आलो. शनिवारी सकाळी खालच्या वावरात गेलो आणि जागच्या जागी उभा राहिलो.

माझ्या अख्ख्या वावरात चुन्याची फक्की मारलेली! बांधापासून बांधापर्यंत पांढरी रेघ. वर रुंद, खाली निमुळती, मध्येच कुठे आत घेतलेली, कुठे बाहेर काढलेली. आत बाणांच्या लाल रेघा. वरच्या अंगाला पिवळ्या रांगोळीचा मोठा पट्टा. उजवीकडे, माझ्या विहिरीच्या जवळ, निळ्या रांगोळीचं तळं. आणि जागोजागी खुंट्या, प्रत्येक खुंटीला नंबर.

दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मला एका नजरेत सगळा नकाशा कळला. पांढरी रेघ म्हणजे संपादनाची हद्द. लाल बाण म्हणजे हायवेकडून येणारा नवा रस्ता आणि त्याचे फाटे. निळं म्हणजे पाण्याचा साठा. आणि पिवळं? सरकारी आराखड्यात पिवळा रंग रहिवासी विभागाला देतात, हे मी साहेबांच्या टेबलावर हजारदा बघितलंय. म्हणजे माझ्या भाताच्या जागी इमारती उभ्या राहणार होत्या.

पण खरं डोकं फिरलं ते पुढे. प्रत्येक बाणाच्या टोकाशी एक मातीचं मडकं ठेवलेलं, शेजारी लोखंडाचा तुकडा, आणि मूठभर ज्वारी नाहीतर नाचणी. मडकं, लोखंड, धान्य. तुम्हीच सांगा, याला आपल्याकडे काय म्हणतात? भूमिपूजन उरकून मोकळे झाले होते! माझ्या जमिनीचं, मला न विचारता.

खालच्या बांधापलीकडे माझ्या लांबच्या चुलतभावाचं, सोपानचं रान आहे. त्याला हाक मारली. तो म्हणाला, गुरुवारी एक टेम्पो आला होता. वीस-पंचवीस जणं टोप्या घालून उतरली, एक बाई कागदात बघून सांगत होती आणि बाकीची फक्की टाकत होती.

"पर नाना, लई बारकी व्हती ती," सोपान म्हणाला. "मला तर शाळंतली पोरं वाटली."

"कंत्राटदाराची असत्यात ती," मी म्हणालो. "स्वस्तात मिळत्यात."

आता मला सांगा, यावर सोपानने गप्प बसायला हवं होतं का? तो गप्प बसला. मोजणीत माझा शब्द अखेरचा ना! त्या दिवशी कोणीतरी अखेरच्या शब्दानंतर एक शब्द बोललं असतं, तर माझी अब्रू वाचली असती.

तासाभरात ग्रामपंचायतीसमोर चाळीस माणसं जमली. सरपंच शहाणा. तो म्हणाला, सोमवारी तहसिलात जाऊन चौकशी करू. मी उसळलोच. सोमवारी चौकशी कराल आणि मंगळवारी वावरात मशीन उभी राहील, म्हणालो. आज माझं वावर आहे, उद्या तुमचं असेल. आज्याची गोष्ट सांगितली, धरणाची सांगितली, आवाज चढवून सांगितली. शेवटी हात वर करून म्हणालो, "या गावातला एक माणूस एक बोटभर सुदीक सरकणार न्हाई. कुणी कुणाची हद्द सरकवायची न्हाई." टाळ्या पडल्या. सोपानने सगळ्यात जोरात वाजवल्या, हे लक्षात ठेवा.

मग ट्रॅक्टर बोलावला आणि सगळ्या गावासमक्ष त्या नकाशावरून रोटर मारला. मी मडगार्डवर बसून होतो. पिवळा पट्टा गेला, निळं तळं गेलं, बाण गेले, खुंट्यांचा भुगा झाला. मडकी मात्र बायकांनी उचलून नेली, चांगली होती म्हणून. कोणीतरी व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी आंघोळ करून सफारी घातली. नऊला येतो असा मॅडमचा निरोप होता, म्हणून गाडीची वाट बघत ओट्यावर बसलो. नऊला एक टेम्पो आला, घरासमोर थांबलाच नाही, तडक खालच्या वावराकडे वळला. पाठोपाठ सोपानचा फोन आला. परत आली म्हणाला. त्याच टोप्या.

प्रमुख पाहुणा गेला खड्ड्यात. काठी घेतली आणि निघालो. मागून गाव निघालं. वावरात बघतो तर पंचवीस पोरं रांगेत उभी होती. उकरलेल्या मातीकडे नुसती बघत होती. एका मुलीच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती, ती कुठे ठोकावी हे तिला कळत नव्हतं. आमच्याकडे पाठ करून एक बाई उभी होती.

"कुणाला इचारून आलाव हितं?" मी काठी आपटून ओरडलो. "कुणी परवानगी दिली तुमाला?"

बाई वळली. मेधा मॅडम होती.

"तुम्हीच, काका," ती म्हणाली. "फोनवर दोनदा विचारलं मी. खालचं वावर चालेल का म्हणून."

मागे चाळीस माणसं आणि हातात काठी. त्या मुलीच्या हातातली पाटी मी वाचली. 'आफ्रिकेतील लोकांची स्थलांतरे'. खाली बारीक अक्षरात 'प्रमुख पाहुणे' आणि माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

तो आफ्रिकेचा नकाशा होता हो! पिवळं म्हणजे सहारा. जिथे चिटपाखरू राहत नाही, तिथे मी रहिवासी विभाग काढला होता. निळं म्हणजे तिकडचं मोठं सरोवर. बाण म्हणजे बांटू नावाच्या लोकांच्या वाटा, गोरा साहेब तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीच्या. मडकं, लोखंड आणि धान्य म्हणजे ते लोक जिथे वस्तीला राहिले तिथल्या खुणा. आपली ज्वारी, नाचणीसुद्धा मूळची तिकडची, असं मॅडम म्हणाली. एरवी मी नाचणीवरून भांडलो असतो. तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती.

मुलांचे आईबाप अकराला भोरहून येणार होते. पोरांनी पंधरा दिवस खपून तयारी केली होती. ती मुलगी आता डोळे पुसत होती, आणि मला माझी लाज वाटली. खरंच वाटली. घरी पळत गेलो, टेप आणला, सफारीच्या बाह्या वर केल्या. काल टाळ्या वाजवत होते तेच गावकरी आज फक्कीच्या गोण्या वाहत होते. बायकांनी मडकी परत आणून दिली, एकात दही लावलेलं होतं. बोटभर सरकणार नाही म्हणणारा मी, वाकून वाकून अख्खे बांटू लोक पश्चिमेकडून पूर्वेला आणि पूर्वेकडून थेट दक्षिणेला नेत होतो. पावणेअकराला आफ्रिका उभी राहिली. मॅडमच्या कागदाप्रमाणे, वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत.

पाहुणे आले, मॅडम बोलली. हे लोक काही एका दिवशी बिऱ्हाड उचलून निघाले नाहीत, ती म्हणाली. दर पिढीला थोडं थोडं पुढे. रान कसायचं, जमिनीचा कस गेला की पुढचं रान धरायचं. असं करत शेकडो वर्षांत पार खाली पोचले. पाटीवाल्या मुलीने विचारलं, तिथे आधी राहणाऱ्यांना हे कळलं नाही का? थोडं थोडं असलं की लवकर कळत नाही, मॅडम म्हणाली. काही एकमेकांत मिसळून गेले, काही कडेला ढकलले गेले.

इथे मी खाली बसलो असतो तर किस्सा संपला होता. पण प्रमुख पाहुण्याने दोन शब्द बोलायचे असतात ना! मला वाटलं, गेलेली अब्रू थोडी परत मिळवू. मी पोरांना म्हणालो, बाळांनो, कागद खोटं बोलेल, बांध खोटं बोलेल, पण हद्दीचा दगड कधी खोटं बोलत नाही. चला, तुम्हाला खरा दगड दाखवतो. वरच्या दगडाला टेप लावला, गटाच्या नकाशातली लांबी मला तोंडपाठ, तेवढं अंतर धरून खाली आलो आणि पहार घालून उकरायला लागलो. आवाज आला. दगड होता. इतक्या वर्षांनी अगदी बिनचूक जागेवर! मी कौतुकाने वर बघितलं.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे दगडाकडे बघत होते, मग बांधाकडे, मग परत दगडाकडे. बांध अजून पाच हात पुढे होता.

आज्याने नांगर धरला, मग बाने, मग मी. कोणी मुद्दाम केलं नाही हो. नांगर वळवताना दरसाल बोटभर जातं.

सोपान दगडावर येऊन उभा राहिला. मोठी मोठी पावलं टाकत बांधापर्यंत गेला आणि परत आला. त्याने आवाज चढवला नाही.

"म्हंजे नाना," तो म्हणाला, "आफ्रिकेचं ह्ये टोक माज्या रानात हाय."

पाटीवाली मुलगी माझ्याकडे बघत होती. "आजोबा, म्हणजे तुम्हीपण थोडं थोडं सरकलात?" तिने अगदी मनापासून विचारलं. परीक्षेत येईल असं तिला वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी सोपानने भोरला जाऊन मोजणीचा अर्ज दिला. माझा संताप संताप झाला, पण कोणावर काढणार? येत्या गुरुवारी मोजणीवाले येताहेत. काल ऑफिसातून फोन आला. नवीन साहेब म्हणत होते, आमच्याकडे दगडांची नीट माहिती असलेला माणूस आता उरला नाही, पण अर्जदाराने गावातल्या एका जाणकाराचं नाव सुचवलंय. हद्द दाखवायला सकाळी दहाला हजर राहा, नाना.