एक आण्याचं लाल तिकीट

नामदेव गेल्याचं मला वाडीच्या एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं. तो माल उतरवायला आमच्याकडे आला होता आणि मला ठाऊकच असेल अशा समजुतीने बोलत होता. सकाळी गोदामात मालाची बिल्टी लिहिता लिहिता नामदेवचं डोकं टेबलावर टेकलं, ते उचललंच नाही... त्याच्या पन्नाशीला अजून दोन वर्षं होती. कागदोपत्री मात्र तो पन्नाशीचा होता, आणि त्या दोन वर्षांत माझा हात आहे. महिना झाला, आता लिहायलाच हवं.

साठच्या दशकात आम्ही दोघे अमरावती रोडवर वाडीच्या त्या ट्रान्सपोर्ट गोदामात कारकून होतो. देशभरातून टपाल यायचं, इंग्रजी अमलातल्या जुन्या पाकिटांचे गठ्ठेही पडलेले असत, आणि मला टपाल तिकिटांचा नाद होता. पाकिटाचा कोपरा कापायचा, पाण्यात भिजवायचा, तिकीट अलगद सोडवून वर्तमानपत्रात दाबायचं. ओळखायचं कसं, तेही मी रुबाबात सांगत असे. कडेचे दात मोजायचे, पाठीवर कागद कुठे विरळ झाला का ते बघायचं, काळ्या बशीत पालथं ठेवून पेट्रोलचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे कागदात दडलेल्या जलचिन्हाच्या चांदण्या उमटतात. चांदण्या उलट्या निघाल्या तर तेच साधं तिकीट मोलाचं ठरतं. आणि पोस्टाचा शिक्का? तो जितका कमी तितकं बरं. आमच्या लेखी शिक्का म्हणजे घाण. नामदेव मला तिकीटमास्तर म्हणायचा. ‘इंग्रज गेले, पण त्याइच्या राजाचं थोबाड तू अजून धुऊन राहिला गा,’ असं म्हणून अख्ख्या गोदामाला हसवायचा.

त्याच सुमारास त्याला एका सरकारी खात्यात नोकरी लागायची वेळ आली. परीक्षा तो पास झाला होता, अडलं ते वयावर. गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना अंदाजाने जन्मतारीख एक जुलै टाकली होती, तीही दोन वर्षं आधीची. त्या हिशेबाने तो वयाच्या मर्यादेबाहेर जात होता. मग त्याच्या कामठीच्या मामाच्या पेटीत एक पाकीट सापडलं. नामदेवच्या जन्माच्या दिवशीच त्याच्या वडिलांनी कुणाकडून तरी लिहून घेऊन मामाला धाडलेलं पत्र. आत तारीख नव्हती, फक्त ‘आज मुलगा झाला’ एवढंच. तारीख होती ती पाकिटावरच्या शिक्क्यात, अर्धी राजाच्या एक आण्याच्या लाल तिकिटावर, अर्धी कागदावर.

ते पाकीट त्याने माझ्या हातात दिलं. ‘तुले यातलं समजते,’ तो म्हणाला. ‘तारीख वाचून दे, अन् हे तिकीट कोणत्या सालचं ते लिहून दे. साहेबाले दाखवतो.’

मी घरी नेलं. भिंग लावलं. आणि आज पहिल्यांदा लिहितो, की तारीख स्वच्छ दिसत होती. गाव, दिवस, महिना, साल, सगळं. तिथेच थांबायचं होतं. पण ते तिकीट माझ्याकडे नव्हतं, आणि त्याच्या चांदण्या उलट्या असतील तर, हे डोक्यातून जाईना. मी कोपरा कापला, भिजवला. सुटलेला कागद, त्यावरच्या अर्ध्या शिक्क्यासकट, लगदा होऊन मोरीत गेला. बशीत चांदण्या उमटल्या, अगदी सरळ. कवडीमोलाने मिळावं असं साधं तिकीट.

नामदेवला मी कोपरा नसलेलं पाकीट आणि सुटं तिकीट दिलं. काढल्याशिवाय तारीख वाचता येत नव्हती, असं सांगितलं. तिकिटावर आता शिक्क्याची अर्धी कमान आणि साल तेवढं होतं. खात्यातल्या साहेबाने दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी ठेवल्या आणि एकच प्रश्न केला. ‘हे तिकीट याच पाकिटावरचं, कशावरून?’

शिक्क्याचा जोड मीच धुऊन टाकला होता. सरकारी नोकरी गेली. नामदेव गोदामात राहिला तो शेवटपर्यंत. मला त्याने कधी बोल लावला नाही. उलट, कुणी विषय काढला की माझी बाजू घ्यायचा, ‘त्यानं जमलं ते केलं’ म्हणायचा. पुढे मी ती नोकरी सोडली. कारण पगाराचं सांगितलं, खरं कारण ते वाक्य होतं.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातून दोन पाकिटं काढली. पत्ता नामदेवचाच, अक्षरही त्याचंच. दोन्ही मुलांच्या जन्माच्या दिवशी त्याने स्वतःलाच पत्र टाकलं होतं. ‘पोस्टातल्या माणसाजवळ उभे राहात,’ वहिनी म्हणाल्या. ‘शिक्का अर्धा तिकिटावर अन् अर्धा पाकिटावर मार गा, म्हणत.’

थोरली सुजाता आता कॉलेजात आहे. तिने शिक्का वाचून द्यायला सांगितलं. मी पाकीट खिडकीपाशी धरलं, भिंग लावलं आणि वाचलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

तिने तारीख वहीत उतरवली. ‘मंग बाबाच्या वेळेस तिकीट काहून काढा लागलं, काका?’

‘तवा दिसत नव्हता शिक्का,’ वहिनी म्हणाल्या.

‘दिसत होता,’ मी म्हणालो. ‘असाच दिसत होता. मले तिकिटाच्या मागच्या चांदण्या पाहायच्या होत्या.’

वहिनी उठून आत गेल्या. सुजाताने माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. मला वाटलं, आता निघावं. पण ती धाकट्या भावाचं पाकीट घेऊन पुन्हा समोर बसली. मी हात पुढे केला, तर तिने ते दिलं नाही.

‘पाकीट मी धरते, काका,’ ती म्हणाली. ‘तुम्ही वाचा.’

तिने ते दोन्ही कडांनी उजेडात धरलं, आणि मी वाचलं.