गावलिकांचा काळा दगड

इरेक गावलिक परदेशात फुटबॉल खेळतो, हे त्या खाणवस्तीत सगळ्यांना पाठ होतं. त्याचा बाप एडमुंड पावाच्या दुकानात रांगेत उभा राहून ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. सध्या कुठल्या देशात, हे मात्र एडमुंडलाही जरा आठवावं लागे. आधी ग्रीस, मग सायप्रस, मग बल्गेरिया, पुन्हा सायप्रस. क्लबही काही नावाजलेले नव्हते; मैदानाच्या कुंपणाशी शेळ्या चराव्यात, असले. इरेक डाव्या बाजूचा बचावपटू. गोल होऊ न देणं हे त्याचं काम, आणि न झालेल्या गोलाबद्दल कुणी कुणाला खांद्यावर घेत नाही.

एडमुंडचा जन्म खाणीत गेला होता. सामना संपला की त्याचा फोन ठरलेला, आणि सल्लाही ठरलेला. "फार पुढे जाऊ नकोस. मागे कोण बघणार?" इरेक बरं म्हणायचा आणि पुढच्या सामन्यात पुन्हा पुढे जायचा.

आदल्या वर्षी फेब्रुवारीत एडमुंड वारला. आईचा फोन आला तेव्हा इरेक सरावाला निघाला होता. अंत्यविधी शनिवारी आणि सामनाही शनिवारीच. तो सामना हरले असते तर क्लब खालच्या गटात घसरला असता. तरी प्रशिक्षक म्हणाला, जायचं तर जा. कुणीही त्याला अडवलं नाही, ही गोष्ट इरेकला पुढे कुणापाशी बोलता आली नाही. तो स्वतःच म्हणाला, "सामना खेळून जातो." तो खेळला, चांगला खेळला. संध्याकाळी रडू येईल म्हणून पलंगाच्या कडेवर बसून राहिला. रडू आलं नाही. मग त्याने दात घासले आणि तो झोपला. पुढच्या आठवड्यात दुसरा सामना होता, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा, आणि जाणं राहून गेलं ते राहूनच गेलं.

नंतर गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, करार संपला, आणि या ऑक्टोबरात तो दोन बॅगा घेऊन आईच्या दारात उभा राहिला. आईने, म्हणजे हिल्डाने, त्याला आत घेतलं, सूप वाढलं, वाळलास म्हणाली. त्याला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण आत काही पोचत नव्हतं. भूल उतरायच्या आधी पाय जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना आईने विचारलं, "बाबांकडे जाऊन आलास ना?"

"आलो ना," इरेक म्हणाला.

खोटं बोलायला त्याला घासही थांबवावा लागला नाही.  आईने त्याच्या ताटात आणखी एक बटाट्याचा गोळा वाढला, आणि तिचा चेहरा इतका निवला की आता खरं सांगायची सोयच उरली नाही. तिला कळलं की पोरगा अजूनही गेला नाही, तर ती मोडेल, एवढं त्याला समजत होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ, करत दोन आठवडे गेले.

आता सर्व संतांचा दिवस तोंडावर आला. एक नोव्हेंबरला दुपारी अख्खी वस्ती ठेवणीतले कोट घालून दफनभूमीत येते. हातात शेवंतीच्या कुंड्या, पिशवीत काचेचे दिवे. आणि प्रत्येकजण आपल्या कबरीआधी शेजाऱ्याची कबर बघतो. दगड मळका राहिला तर नाताळापर्यंत चघळायला विषय होतो. गेल्या वर्षी हिल्डाने स्वतः दगड घासला होता. यंदा तिच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, वाकता येईना. थोरली बहीण बेआता बेकरीतून धापा टाकत आली आणि बादली, ब्रश, साबण त्याच्यासमोर आपटून म्हणाली, "भाऊसाहेब, पायांची कमाई खाऊन झाली. आता जरा हात चालवा."

कबर कुठे आहे, हे विचारायला तोंड नव्हतं. जाऊन आलेला माणूस वाट कशी विचारणार? त्याला आईचा एक जुना फोन आठवला. तेव्हा तो संघाच्या बसमध्ये होता आणि अर्धा कान दुसरीकडे होता. काळा दगड बसवला, नळाजवळ, बर्चच्या झाडाखाली, असं काहीसं ती म्हणाली होती.

नळाजवळ बर्च होता. बर्चखाली काळा दगडही होता, आणि त्यावर कोरलं होतं: गावलिक कुटुंब. बापाचं नाव नव्हतं, पण कोरणाऱ्याचे पैसे आईने वाचवले असतील, असं इरेकला वाटलं. तो गुडघा सांभाळत खाली बसला आणि घासायला लागला. दगडावर बोटभर शेवाळ होतं. जेमतेम वर्षाच्या दगडावर एवढं शेवाळ कुठून येणार, हे शाळेतल्या मुलालाही सुचलं असतं. पण दगड घासायला सांगितलाय तर घासायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गार पाण्याने बोटं सोलवटली. दगड आरशासारखा निघाला. त्याने दुकानातला सगळ्यात मोठा, सोनेरी झाकणाचा दिवा आणला होता, तो मधोमध लावला. काहीतरी म्हणावं म्हणून थांबला. काही सुचलं नाही, तेव्हा बादली उचलून घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरून चालत होती. मागे बेआता कुंडी घेऊन. नळ आला, बर्च आला, आणि आई थांबलीच नाही. ती पुढे गेली, दुसऱ्या नळापाशी, दुसऱ्या बर्चखाली.

तिथे काळा दगड होता. एडमुंड गावलिक, खाणकामगार, असं स्वच्छ कोरलेलं. पण अक्षरं वाचायला पानं बाजूला करावी लागली असती. कुजकी पिवळी पानं, गेल्या वर्षीचे काजळलेले दिवे, वाळून काड्या झालेली शेवंती. आजूबाजूचे दगड लखलखत होते आणि आजूबाजूच्या माना वळत होत्या.

बेआताने कुंडी खाली ठेवली. "काल तू दोन तास होतास कुठे?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

इरेकने वळून पहिल्या बर्चकडे बघितलं. आई दगडाकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात पहिल्या बर्चकडून म्हातारी गेर्ता आली. तीही गावलिकच, पण नात्यातली नव्हे. त्या वस्तीत गावलिक ढिगाने. नवरा केव्हाच गेलेला, आणि एकुलता एक मुलगा नॉर्बेर्त आयर्लंडला गेल्यापासून परत फिरकलेला नाही. त्याच्या नावाने तिला सगळी वस्ती टोचायची. आज ती जवळजवळ पळत आली आणि तिने हिल्डाचा हात धरला.

"हिल्डे, माझा नॉर्बेर्त येऊन गेला गं. दगड बघ कसा केलाय त्याने. हा एवढा सोनेरी दिवा लावलाय. लाजला असेल, म्हणून घरी नाही आला." मग इरेककडे वळून ती म्हणाली, "तू काल इकडे होतास ना रे? तुला दिसला का?"

हिल्डाने गेर्ताकडे बघितलं, मग इरेकच्या हातांकडे. सोललेली बोटं, नखांत अडकलेलं हिरवं शेवाळ. ती खाणकामगाराची बायको होती. हातांवरून दिवसभराची हकीकत वाचायची तिला सवय होती. तिला सगळंच कळलं. कालचं कळलं, आणि तिसऱ्या दिवशीच्या जेवणातलं खोटंही. ते कळल्याचं इरेकला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"सांग ना तिला," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दिसला का नॉर्बेर्त?"

"दिसला, काकू," इरेक म्हणाला. "घाईत होता. पण घासत बराच वेळ बसला होता."

"रडला का रे?"

  आयुष्यभर बाजू राखली म्हणणाऱ्या माणसाने बापाची एवढीशी जागा राखली नव्हती, आणि याची लाज त्याला आत्ता, इतक्या लोकांत, पहिल्यांदा वाटली.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "त्याला रडू येत नव्हतं."

"येईल," गेर्ता म्हणाली. "आला ना, म्हणजे तेही येईल." आणि ती पुढच्या कबरीपाशी तीच बातमी सांगायला गेली.

वरच्या बाजूने पाद्रीबाबांची मिरवणूक निघाली होती, खाणीचा बँड वाजायला लागला होता. लोक रांगा धरून उभे राहात होते. हिल्डाने इरेकचा दंड सोडला आणि काठीवर भार दिला.

"बाबा इथे आहेत," ती म्हणाली. "नीट बघून ठेव."

इरेकने ठेवणीतला कोट काढून बेआताच्या हातात दिला. ब्रश नव्हता, बादली नव्हती. दुखरा गुडघा टेकवून तो सगळ्या वस्तीदेखत ओल्या मातीत बसला आणि हातांनी पानं ओढायला लागला. मिरवणूक जवळ आली, मागून निघून गेली. त्याने वर बघितलं नाही. पानांखालून आधी एडमुंडचा 'ए' निघाला, मग बाकीचं नाव. दगड बर्फासारखा गार होता, आणि तो गार आहे हे त्याला जाणवत होतं.