खांबावरचं नारिंगी कापड

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो. गडचिरोलीतल्या एका जंगलाकडेच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत एक लहान धावपट्टी होती. टॉवर वगैरे काही नाही. एक चौकीदार आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारं नारिंगी कापड, एवढंच.

भर दुपारी एक खासगी विमान उतरताना पट्टी सोडून नाल्यात गेलं. वैमानिकाचा हात मोडला. जबाबात तो म्हणाला, "खांबावर कापड नव्हतं, वारा पाठीमागून आहे हे कळलंच नाही. पट्टीवर पाचोळा होता, त्यावर चाकं घसरली." आम्ही दोन तासांनी पोहोचलो, तर पट्टी लख्ख झाडलेली! मला तिथेच घातपाताचा वास आला.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला: चौकीदार जंगलवाल्यांना, म्हणजे नक्षलवाद्यांना, सामील आहे. झडतीत कापड त्याच्याच पेटीत घडी घालून ठेवलेलं सापडलं. घातपाताचं कलम लागलं की त्याची उमर तुरुंगात जाणार होती.

"कापड कोणी काढलं?"

"मीच काढलो, सायेब."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोनाच्याच नाई."

"आणि पट्टी कोणी झाडली?"

यावर तो जो गप्प झाला, तो झालाच. असा माणूस एक तर मुरलेला असतो, नाहीतर कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी त्याला मुरलेला ठरवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पंचनामा करताना हवालदाराने विमानाचं चाक दाखवलं. खाचांत मोहफुलं चिकटली होती. ती घेऊन मी शेजारच्या गावात गेलो. फुलं पाहताच एक म्हातारी पुढे आली.

"त्याले सोडा, सायेब. मोहा आमचा हाये, पट्टीवर वाळवतो. मोहाच्या दिवसांत तो कापड काढून ठेवते. विमान येनार असन तं त्याले फोन येते, मंग तो कापड चढवते. कापड दिसलं की आमी मोहा उचलतो. त्या दिवशी फोनच नाई आला. मंग भेवानं आमीच पट्टी झाडली."

न कळवता आल्याचं वैमानिकानेही कबूल केलं. घातपाताचं कलम गेलं, चौकीदाराची नोकरीही गेली. चूक त्याची होतीच. ते कापड कायम खांबावरच हवं. पण 'कोणाच्या सांगण्यावरून' हे मी त्याला दहादा विचारलं, 'कशासाठी' हे एकदाही नाही.

पुढच्या मोहाच्या हंगामात तिथून जाताना थांबलो. चौकीदार नवा, कापड नियमाप्रमाणे फडफडत होतं आणि पट्टीवर मोहा पसरलेला. म्हातारीने मला ओळखलं.

"सायेब, कापड तं आता रोजच चढून रायते. विमान कवा येनार, आमाले कसं समजन?"

मी खाली बसलो आणि तिच्याबरोबर मोहा उचलायला लागलो.